प्रणयाच्या चौकटीतली खूण

"हे कोणाला खरं वाटायचं नाही, पण माझ्या एका ओळीने एकदा अख्खं थिएटर उठून गेलं होतं," मुलीपुढे चहा सरकवत म्हाताऱ्याने बढाई मारली.

मुलगी काल एक बॅग घेऊन माहेरी आली होती. तिचा फोन दर दहा मिनिटांनी थरथरे आणि दर वेळी ती कुठे बसलीय, काय घातलंय, शेजारी कोण आहे, ते नवऱ्याला निमूट कळवी. संध्याकाळी तो न्यायला येणार होता. जाऊ का नको, एवढंच तिने बापाला विचारलं होतं. 'जाऊ नको' हे दोनच शब्द म्हणायचे होते. सरळ बोलेल तर तो म्हातारा कसला; त्याने गोष्ट काढली.

तीस वर्षं तो सिनेमांच्या सूचना लिहायचा. सिनेमाआधी पडद्यावर येतात त्या: मारामारी, रक्त, शिव्या, प्रणय, धूम्रपान. अंधाऱ्या खोलीत मांडीवर छापील तक्ता घ्यायचा आणि जे दिसेल त्याच्या चौकटीत खूण करायची. सिगारेटी मोजायला तो डाव्या खिशातले शेंगदाणे उजव्या खिशात टाके. मध्येच भूक लागली, की नायकाच्या दोन सिगारेटी कमी व्हायच्या.

मग तो सिनेमा आला. जगभर गाजलेला गायक आणि त्याची नटी बायको. तिचे कपडे तो निवडतो, तिचा फोन स्वतःच्या खिशात ठेवतो, तिच्या मैत्रिणी एकेक करून तोडतो आणि वर तिच्यावर गाणी रचतो. हात मात्र एकदाही उगारत नाही. तक्त्यात याला चौकटच नव्हती.

इथे म्हाताऱ्याने जरा खोकून घेतलं.

"मग काय, मी टेबलावर मूठ आपटली. साहेबांचा चष्मा उडाला. तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'यातला माणूस बायकोला श्वासही मोजून देतो. लग्नाळू मुलींनी जपून बघावा.' ओळ पडद्यावर आली मात्र, सतरा मुली होणाऱ्या नवऱ्यांना खुर्चीतच सोडून चालत्या झाल्या. त्यांच्यामागे बाकीचे. पॉपकॉर्नवाला रडकुंडीला आला."

मुलगी हसली. काल आल्यापासून पहिल्यांदाच. जमलं, म्हाताऱ्याला वाटलं. आता 'तूही ऊठ' एवढंच म्हणायचं राहिलं.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी तिने तो टेबलावर पालथा घातला.

"बाबा, पहिल्या दिवशीचा पहिला खेळ मी याच्याबरोबर बघितला. आमचं ठरायचं होतं तेव्हा. तुमची ओळ दाखवायची म्हणून कौतुकाने वेळेआधी नेलं त्याला. पडद्यावर दोनच शब्द आले, 'धूम्रपान, प्रणय.' तो माझ्या कानात म्हणाला, बघ, तुझे बाबाच सांगतायत, याला प्रेम म्हणतात. मूठबीठ काही आपटली नाहीत तुम्ही. प्रणयाच्या चौकटीत खूण केलीत. आणि थिएटरातून एक माणूस उठला नाही. मीसुद्धा नाही."