सोनं पडलं त्या दिवशी

नूरहयातने पुढच्या बाईच्या खांद्यावरून मान लांबवली आणि काचेआडचा, एका सोन्याच्या नाण्याच्या भावाचा, लाल आकडा वाचला. नऊ हजार सातशे ऐंशी. दहा मिनिटांपूर्वी तो नऊ हजार आठशे चाळीस होता. काल संध्याकाळी दहा हजार पन्नास.

"अजून पडतंय," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

"पडू दे बाई," मागची म्हातारी म्हणाली. "माझे गुडघे पडायच्या आत पडलं म्हणजे मिळवली."

रांगेत हशा पिकला. तुर्कस्तानातल्या आंतेपच्या सराफ बाजारात इतक्या बायका एकदम हसताना वर्षभरात कुणी ऐकल्या नसतील. वर्षभर सोनं नुसतं चढत होतं, आणि लोक दुकानावरून जाताना आकड्याकडे न बघता जायला शिकले होते. आज पहाटे ते घसरायला लागलं. नऊ वाजेपर्यंत रांग फेव्झी सराफाच्या दारातून बाहेर पडून शेजारच्या तांबटाच्या ओट्यापर्यंत पोचली होती. कुणी स्वयंपाकाचा एप्रन तसाच ठेवून आली होती, कुणी मुलाला शाळेत सोडून थेट इकडे. प्रत्येकीच्या हातात फोन, आणि फोनवर तोच आकडा.

नूरहयातच्या पर्समध्ये नऊ हजार चारशे लिरा होते. बसचं भाडं वेगळं, कोटाच्या खिशात. हे पैसे तिने सहा आठवडे युवालामाच्या गोळ्या वळून जमवले होते. तांदळाच्या पिठाची आणि खिम्याची हरभऱ्याएवढी गोळी. उपाहारगृहवाले किलोवर पैसे देत. तिच्या नवऱ्याच्या, ताजेत्तीनच्या, गालिच्यांच्या कारखान्यात सहा दिवसांचं काम आता चार दिवसांवर आलं होतं. त्याचा पगार घरभाडं आणि विजेच्या बिलापलीकडे पोचत नव्हता.

आज तीन वाजता भिशी होती. त्यांच्या इमारतीतल्या दहा बायकांची, सोन्याची भिशी. नोटांवर पेरिहानताईचा विश्वास नव्हता, आणि इमारतीच्या कारभारासारखी भिशीही पेरिहानताईची होती. दर महिन्याला जिचा नंबर असेल तिच्या घरी जमायचं, चहा-फराळ करायचा, आणि प्रत्येकीने तिला छोट्या पिशवीत घालून सोन्याची एक पावली, म्हणजे पाव मापाचं नाणं, द्यायची. जिचा नंबर तिला एकदम नऊ पावल्या.

फेब्रुवारीत चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पहिला नंबर तळमजल्यावरच्या गुल्दानेला लागला होता, नूरहयातला नववा. त्याच रात्री नूरहयात तिच्याकडे गेली. तीन क्रेडिट कार्डं तुंबली होती, बँकेचे फोन ताजेत्तीनच्या मुकादमापर्यंत जात होते. तिने अर्धंच सांगितलं असेल तोवर गुल्दाने म्हणाली, "घे की पहिला. मला कसली घाई?"

नऊ पावल्या पाच-पाच हजारांना विकून नूरहयातने कार्डं फेडली. फोन थांबले. त्यानंतर मात्र सोनं चढत गेलं, आणि पाच हजारांना विकलेली पावली ती महिन्यामागून महिना सहाला, सातला, नऊला परत विकत घेत राहिली. सात वेळा तिने ते निभावलं होतं. आज आठवी. आणि आज नंबर होता गुल्दानेचा. दहाजणींत एकीची पिशवी रिकामी निघायची तर ती आपली, आणि तीही गुल्दानेच्या घरी, हा विचार तिने रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर नेला होता.

शिवाय एक पोटातली गोष्ट होती. आज नव्या वर्षाच्या भिशीचे नंबर ठरायचे होते. कारखान्याचं काम घटल्यापासून एक कार्ड परत तुंबलं होतं. पुन्हा पहिला नंबर मागायचा, असं तिने ठरवलं होतं. पण आधी आजची पावली ठेवल्याशिवाय तोंड उघडायची सोय नव्हती.

नऊ हजार सहाशे चाळीस.

फोन वाजला. ताजेत्तीन होता, मागे मागांचा खडखडाट. "घेतलीस?"

"अजून दोनशे चाळीस पडायला हवेत."

"पडतील?"

"मी काय वर बसून पाडतेय?"

"पाडत असलीस तर जरा जोरात पाड," तो म्हणाला. "इथे सगळं खातं फोनला चिकटलंय. मुकादमसुद्धा."

आत फेव्झी काउंटरवर उभा राहून घोषणा करत होता. "ताईमाई, ऐका. पावल्या उरल्यात अकरा. नवीन माल उद्या. उगाच मागच्यांनी उभं राहू नका, मागाहून मला शिव्या नकोत."

रांगेतून एक कण्हल्यासारखा आवाज गेला. नूरहयातने डोकी मोजली. तिच्या पुढे सात. प्रत्येकीने एक घेतली तर चार उरतात. एखादीने तीन घेतल्या तर संपलं. आणि रांग लवकर सरकली तर आकडा खाली यायच्या आत तिची पाळी येणार होती. रांग सरकू नये आणि पावल्या संपू नयेत, असं दोन्ही तिला एकदम हवं होतं.

नऊ हजार पाचशे साठ. पुढे दोघी. पावल्या पाच.

नऊ हजार पाचशे वीस. पुढे कुणी नाही. पावल्या तीन.

"बोला वहिनी," फेव्झी म्हणाला.

नूरहयात बाजूला सरली. "मावशी, तुम्ही जा पुढे."

म्हातारीने तिला खालून वर पाहिलं. "दया करतेयस की हिशेब?"

"हिशेब."

"मग जाते. दयेचं कुणी काही दिलं की मला पचत नाही."

म्हातारीने नोटा एकेक करून काउंटरवर ठेवल्या, मग पुन्हा उचलून पुन्हा ठेवल्या. फेव्झीने नाण्याला लाल फीत लावून दिली. म्हातारी जाताना नूरहयातच्या कानाशी म्हणाली, "मुद्दाम दोनदा मोजले हो."

नूरहयातला हसू आलं, पण तिचे डोळे आकड्यावर होते. पाचशे. चारशे नव्वद. मागून कुणीतरी ओरडलं, "घ्यायची नसेल तर व्हा बाजूला." चारशे सत्तर. तिने पर्सचा चाप उघडला. चारशे पन्नास. आकडा तिथेच उभा राहिला. मग एकदम चारशे साठ झाला. परत पन्नास.

"दे," ती म्हणाली. "नऊ हजार चारशे आहेत. पन्नास कमी."

"वहिनी, आज मी स्वतःच खड्ड्यात आहे. पहाटेपासून माझ्या तिजोरीतलं सोनं किती पडलं, माहितेय?"

"मग पन्नासने काय खड्डा खोल होणार आहे?"

मागच्या बायका हसल्या. फेव्झीने कपाळाला हात लावला, नोटा ओढल्या आणि फीत कापली.

बाहेर आल्यावर नूरहयात चालत नव्हती, जवळजवळ पळत होती. तांब्याच्या घागरींवर हातोडे पडत होते, भाजलेल्या पिस्त्यांचा वास सगळ्या गल्लीत भरला होता. तिने ताजेत्तीनला फोन लावला आणि फक्त "घेतली" म्हणाली. पलीकडून पाच-सहा पुरुषांच्या आरोळ्या ऐकू आल्या. त्याने मागावरच्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

तीनला गुल्दानेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बुल्गुरची आंबट कोशिंबीर, पालकाच्या पापुद्र्याच्या पोळ्या, पातळ काचेच्या ग्लासांतला चहा. दहाही जणी एकदम बोलत होत्या, आणि सगळ्यांचा विषय एकच: कोण कितीला मिळवून आली.

"मी नऊ हजार सहाशेला," झेरीन म्हणाली. ती सगळ्यांत तरुण, दुसऱ्या मजल्यावरची. "अर्धा तास थांबले असते तर दीडशे वाचले असते."

"मी चारशेला," नूरहयात म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेरिहानताईने तिला म्हातारीचा किस्सा दोनदा सांगायला लावला. नूरहयातने दुसऱ्या वेळी फेव्झीचा आवाज काढून दाखवला.

"पण खरी हुशार ही," पेरिहानताई गुल्दानेकडे बोट करून म्हणाली. "फेब्रुवारीत नंबर सोडला काय, आणि बसली काय गप्प. आम्ही पाच हजाराच्या पावल्या घेतल्या, ही साडेनऊच्या घेतेय. दुप्पट. बाई आहेस का बँक?"

"बँक असते तर तुम्हाला चहा दिला असता का?" गुल्दाने म्हणाली आणि रिकामे ग्लास ट्रेमध्ये गोळा करून आत गेली. नऊ छोट्या पिशव्या तिने त्याच ट्रेमध्ये ठेवल्या होत्या.

नूरहयात पोळ्यांचं ताट उचलून मागोमाग गेली. आनंदात तिचा आवाज अजून खाली यायला तयार नव्हता. "गुल्दाने, रात्रभर झोपले नव्हते मी. तुझ्याच घरी माझी पिशवी रिकामी..." ती थांबली. एक गोष्ट तिच्या आत्ता लक्षात आली होती. "अगं पण तुझं तर नुकसान झालं आज. कालपर्यंत दहा होतं. आम्ही बाहेर टाळ्या पिटतोय."

"मला सारखंच," गुल्दाने म्हणाली. "चढलं काय, पडलं काय."

तिने पिशव्या एकेक करून ओट्यावर रिकाम्या केल्या. लाल फिती सोडवल्या, नाणी ओळीने लावली. आठ नाणी मोजून तिने एका रुमालात बांधली आणि रुमालाला दोन गाठी मारल्या. उरलेलं एक बशीत ठेवलं.

"हे काय?"

"ही आठ इस्माईल सराफाची. माझ्या नवऱ्याच्या दोस्तीतला आहे. दर महिन्याला एक देत होता, उधार. सोनं घेतलं, सोनंच द्यायचं, वर काही नाही. चांगला माणूस आहे." तिने बशीकडे मान हलवली. "हे झेरीनचं. पुढच्या महिन्यात तिचा नंबर ना."

नूरहयातने रुमाल पाहिला, मग बशी, मग ओटा. ओट्यावर आणखी काही नव्हतं.

"आणि तुझं?"

गुल्दानेने किटलीखालचा गॅस बारीक केला. "पेन्शन भाड्याला जाते. चिठ्ठ्या टाकल्या त्याच आठवड्यात मालकाने ते दुप्पट केलं. भिशीतून बाहेर पडले असते तर जिना उतरायच्या आत सगळ्या इमारतीला कळलं असतं."

"फेब्रुवारीत तू म्हणालीस, घाई नाही."

"त्या रात्री नव्हती." तिने नूरहयातच्या हातातलं ताट घेतलं. "तुझी होती. आता तोंड नीट कर. त्या मला बँक समजतात, समजू दे. भाडेकरू म्हणून चांगलं दिसतं."

बाहेरून पेरिहानताईची हाक आली. "दोघी आत सोनं वाटून घेताय का?"

त्या बाहेर आल्या तेव्हा पेरिहानताईच्या मांडीवर वही होती आणि नाकावर चष्मा. "डिसेंबरपासून नवी भिशी. चिठ्ठ्या टाकायच्या आधी विचारते, कुणाला काही अडचण, कुणाला लवकर हवा? नंतर माझ्या दारात रडायचं नाही."

एकदोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नूरहयातने सकाळपासून बसमध्ये, रांगेत, जिन्यात घोकलेलं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिने चहाचा घोट घेतला. तो अजून कढत होता.

"पहिला गुल्दानेकडेच ठेवा," ती म्हणाली.

गुल्दानेने ग्लास बशीत ठेवला, जरा जोरात.

"हिला कशाला?" पेरिहानताईने चष्म्यावरून पाहिलं. "आजच तर घेतल्यात नऊ."

"लिफ्ट बंद करून ठेवलीय तुम्ही बिल वाचवायला. डिसेंबरात गरम कोशिंबिरी, पोळ्या घेऊन चौथ्या मजल्यावर कोण चढणार? ही तळमजल्यावर. थंडीचा पहिला महिना हिच्याकडे काढू, मग बाकीच्या चिठ्ठ्या."

"कोशिंबीर कधी गरम असते का गं?" झेरीन म्हणाली.

"माझे गुडघे तर गरम असतात ना," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, आणि दोन-तीन जणींनी माना डोलावल्या. पेरिहानताई स्वतः पाचव्या मजल्यावर राहायची. तिने थोडा विचार केला आणि पहिल्या ओळीवर गुल्दानेचं नाव लिहिलं. गुल्दाने खिडकीजवळ जाऊन पडदा सारखा करत राहिली, जरी तो सारखाच होता.

"आणि तुझं काय?" पेरिहानताईने विचारलं. "मागच्या वेळी पहिल्यासाठी जीव टाकत होतीस."

ताजेत्तीनच्या पगाराला नऊ दिवस होते. कार्डाची तारीख परवाची.

"मला शेवटचा लिहा," नूरहयात म्हणाली. "चिठ्ठी नको."

झेरीनने मांडीवर थाप मारली. "बघा, बघा. एका पावलीत बाई शहाणी झाली. सोनं चढेल म्हणून थांबतेय. गुल्दानेताई, तुमचा गुण लागला हिला."

सगळ्याजणी हसल्या. पेरिहानताईनेही मान हलवत दहावी ओळ भरली. नूरहयात त्यांच्यात सगळ्यांत मोठ्याने हसली. मग ट्रे उचलून तिने विचारलं, आणखी चहा कुणाला हवा, आणि नऊच्या नऊ हात वर झाले.