आप्पांच्या खांद्याचा आकडा

मंगळवारी सकाळी चहा घेताना आप्पांचा डावा हात खांद्यातून सुटून खाली पडला. रक्त आलं नाही. खांद्याच्या मागून आत जाणारा चौदा नंबरचा बोल्ट तेवढा घरंगळत शेगडीखाली गेला.

"कप फुटला का?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मग हात उचल आणि पुसून ठेव. फरशीवर धूळ आहे."

आप्पा माझे वडील. विट्याच्या बसस्टँडमागे आमचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे. चाळीस वर्षं त्यांनी चालवलं, गेली नऊ वर्षं मी चालवते.

हात फडक्यात गुंडाळून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खांद्यात बॅटरी मारून पाहिलं.

"हे आमच्यात बसत नाही," ते म्हणाले. "चांगल्या गॅरेजवाल्याला दाखवा."

"आम्हीच गॅरेजवाले."

"मग बरंच झालं."

घरी येऊन मी रिंग पान्याने बोल्ट आवळला, हाताला जेवढा पुरेसा वाटला तेवढा. जास्त झाला. आप्पांचा हात वर गेला आणि वरच राहिला. दोन दिवस ते गॅरेजच्या दारात हात वर करून बसले, आणि येणारी प्रत्येक एसटी त्यांच्यासमोर थांबत होती. कंडक्टर वैतागले. तिसऱ्या दिवशी मी बोल्ट थोडा सैल केला, तर जेवताना हात पुन्हा सुटून ताटात पडला.

"आप्पा, किती आवळू?"

"हाताला कळतं."

"माझ्या हाताला नाही कळत."

"माझ्याही नाही आता," ते म्हणाले, आणि त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता तो त्यांनी धोतराच्या सोग्याखाली घेतला.

हात सुटा असला की आप्पा नेहमीसारखे असत. पण तो फार वेळ बाहेर राहिला की त्यांचे दुसरे सांधे खुळखुळू लागत. शुक्रवारी गुडघा वाजायला लागला, तेव्हा मी हत्यारांच्या दुकानात गेले.

त्या दुकानात स्वस्त माल दाराशी असतो आणि किंमत वाढत जाईल तसं दुकान आत लांबत जातं. दुकानदार कटारियाशेठ यांनी पाण्याची बाटली बरोबर घेतली आणि आम्ही चालायला लागलो. दहा मिनिटांनी ठरवलेला जोर लागला की कटकन वाजणारे टॉर्क पाने लागले.

"हा चार हजार," शेठ म्हणाले. "आकडा लावायचा, आवळायचं, कट वाजलं की थांबायचं. काम झालं की स्प्रिंग सैल करून ठेवायची. तुमच्या धंद्याला एवढा पुष्कळ आहे, ताई."

"आणि डिजिटल?"

"अजून अर्धा तास आत. तेवीस हजार. दिवा लागतो, मुठीत थरथरतो, आकडा दिसतो. वर्षातून एकदा तपासून घ्यायला लागतो. खरं सांगू? आकडा माहीत असेल तर दोन्ही सारखेच. उगाच पैसे घालू नका."

"आकडाच माहीत नाही," मी म्हणाले. "वडिलांचा खांदा आहे."

शेठनी बाटली माझ्याकडे दिली. "पाणी प्या. चला आत."

परत येईपर्यंत दुपार झाली. नवा पाना जड होता आणि त्याचा दांडा हातात गार लागत होता.

पान्याचा आकडा बारावर आला तेव्हा आप्पांचा हात नीट बसला. त्यांनी बोटं हलवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आपण कोणाच्या?" मी बोल्ट काढला. सोळावर त्यांनी मला ओळखलं, पण आत बघून आईला हाक मारली. आई जाऊन अकरा वर्षं झाली. मी दोन कप चहा केला आणि एक तिच्या जागी ठेवला, कारण ते बघत होते. चोवीसवर ते एकदम ताठ झाले, आवाज तरुण झाला. "पोरीच्या जातीनं पान्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले आणि पाना माझ्या हातातून हिसकावू लागले. वीसवर ते रडले. का ते सांगेनात.

दर वेळी बोल्ट काढला की आट्यांतून बारीक पांढरी पूड पडत होती. मी ती बोटावर घेऊन पाहिली.

"आटे झिजतायत," आप्पा म्हणाले. हात सुटा होता, त्यामुळे ते नेहमीचेच आप्पा होते. "अजून एकदा धरेल. फार तर एकदा. त्यानंतर नुसता फिरत राहील."

"मग आकडा कुठून आणू?"

"माझा मला माहीत नाही," ते म्हणाले. "तुझा मात्र मी लावलाय. तू सहा महिन्यांची होतीस, पाळण्यातून काढताना खांदा निखळला होता. आई घाबरली होती. मी साध्या पान्यानं लावला, अंदाजानं. तेव्हापासून हलला नाही. तो मोज, शैला. तोच मला लाव."

माझी पाठ मी कधी बघितली नव्हती. कुर्त्याचा गळा बाजूला ओढला, हात मागे नेला, आणि खांद्याच्या पात्याजवळ माझ्या बोटांना बोल्टचे सहा कोपरे लागले. ते गरम होते.

"सैल करून मोजला तर आकडा खोटा येतो," मी म्हणाले.

"माहिताय. थोडा आवळूनच बघायचा. जरा हलला की तिथला आकडा तो खरा."

"जास्त झाला तर?"

"मी आहे ना," आप्पा म्हणाले.

मी बेंचकडे तोंड करून उभी राहिले. बेंचवर फडक्यात त्यांचा डावा हात होता. आधाराला काही हवं म्हणून मी तोच धरला. मागे पान्याच्या टोकाची गोटी बोल्टवर चपखल बसली. पाना त्यांच्या उजव्या हातात होता आणि तो हात इतका थरथरत होता की माझे दात वाजत होते.

"अठरा," आप्पांनी वाचलं. "बावीस. हलत नाही."

"हळू, आप्पा."

"अठ्ठावीस. पस्तीस." त्यांचा आवाज बदलत गेला. तो कौतुकाचा होता, मी दहावी पास झाले तेव्हासारखा. थरथर थांबली होती. "बघ, काय बसवलाय. त्रेचाळीस."

पाना वाजू लागला आणि समोरच्या भिंतीवर तांबडा उजेड पडला.

"आप्पा, बास."

"थांब, आता हलेल," ते म्हणाले, "एकावन्न," आणि बेंचवर, फडक्यातल्या त्यांच्या हाताची बोटं माझ्या बोटांभोवती हळूहळू आवळत गेली.