भुयाराचं वळण

ते भुयार सापडलं शेळ्यांमुळं. सत्त्याऐंशीचा एप्रिल, दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष. वाडीच्या वरच्या अंगाला कोरडा ओढा आहे. त्याच्या दरडीत दगडांचा एक जुना ढीग होता. भर दुपारी गावच्या शेळ्या बाभळीची सावली सोडून त्या ढिगापाशी उन्हात जाऊन बसायच्या. मैनुद्दीन धर्मापुरीत पंप आणि मोटारी दुरुस्त करायचा. वाडीकडं येता येता त्यानं ते पाहिलं, सायकल आडवी टाकली आणि दगडांच्या फटीला तळहात लावला. तसाच तो माझ्याकडं शाळेत आला.

"गुरुजी, तिथून गार वारा येतोय. आत लई मोठी जागा असंल."

आम्हाला भुयारांचा नाद होता. आम्ही म्हणजे चौघं. मी उत्तरेश्वर, वाडीच्या शाळेत भूगोल शिकवणारा. मैनुद्दीन. माझा लहानपणापासूनचा दोस्त त्रिंबक, जो फौजेतून निवृत्त होऊन आला होता आणि येताना स्वतःचं होकायंत्र घेऊन आला होता. आणि चंद्रभागाबाई. तिची हयात विहिरी फोडण्यात गेली होती. नवरा गेल्यावरही तिनं पहार सोडली नाही. पन्नाशी उलटली तरी अंगानं काटकुळी, त्यामुळं जिथं आमचे खांदे अडायचे तिथून ती सरपटत पलीकडं जायची. आजवर आम्ही तीन-चार बिळं धुंडाळली होती. सगळी वीस-पंचवीस फुटांवर संपली होती.

हे संपलं नाही. तीन दिवस दगड उपसल्यावर माणूस वाकून जाईल एवढं तोंड मोकळं झालं. आत काळ्या कातळाचा लांबलचक बोगदा, वरून गोलाकार, खाली सपाट. दोनशे फुटांवर तो उजवीकडं वळत होता. वळणापुढं छत इतकं खाली आलं की पोटावर सरकावं लागलं. चंद्रभागाबाई पुढं होती. थोड्या वेळानं तिचा आवाज आला.

"गुरुजी, पानी हाय."

मी तिथं पोचलो तेव्हा ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती. बत्तीच्या उजेडात डोहाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. वाडीच्या एकूण एक विहिरींनी तळ दाखवला होता, आणि इथं एवढं पाणी. मैनुद्दीननं ओंजळ भरून चाखलं आणि उरलेलं पाणी तोंडावरून फिरवलं.

बातमी लपण्यासारखी नव्हती. आमच्या पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन भगवानराव दुसऱ्याच दिवशी ओढ्यावर आले. भुयाराच्या अरुंद तोंडातून पाणी बाहेर काढणं शक्य नव्हतं. डोहाच्या नेमकं वर, जमिनीवरून विहीर खोदायची असं ठरलं. ती जागा कुठं येते हे मात्र भुयार मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

"मोजा आन् नकाशा आणा," भगवानराव म्हणाले. "नकाशा दावील तिथं सोसायटी हीर पाडंल."

भुयाराच्या वर दोनच जमिनी होत्या. वळणानंतर ते उत्तरेकडं जात असेल तर डोह गायरानाखाली यायचा, म्हणजे साऱ्या गावाच्या जागेत. पूर्वेकडं जात असेल तर आप्पारावाच्या शेताखाली. आप्पाराव हा त्रिंबकचा दाजी, सख्ख्या बहिणीचा नवरा.

मोजणी दोन दिवस चालली. मैनुद्दीन आणि मी टेप धरायचो, चंद्रभागाबाई प्रत्येक थांब्यावर खडूनं फुली मारायची, आणि त्रिंबक होकायंत्र हातात धरून दिशा वाचायचा. आकडे वहीत तोच लिहायचा. त्याचं अक्षर चांगलं, म्हणून हे काम नेहमीच त्याच्याकडं असायचं. संध्याकाळी वही घेऊन तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन आला.

डोह आप्पारावाच्या शेतात आला होता.

मी नकाशा दोनदा पाहिला. आत असताना मला ते वळण एवढं तीव्र वाटलं नव्हतं. पण अंधारात दिशा कळत नाही हेही मला ठाऊक होतं. खरं तर गोष्ट तिथंच संपायची. पण त्या दिवशी सकाळी शाळेत येताना मी एक पाहिलं होतं. आप्पाराव त्याच्या शेताच्या कोपऱ्यात पावलं मोजत होता. नकाशा अजून कुणी पाहिलाच नव्हता, तर हा कुठलं अंतर मोजत होता?

संशय एकदा मनात शिरला की माणूस त्याला खायला घालतो. मला आठवलं की त्रिंबकनं वही कुणाच्या हातात दिली नव्हती. मला आठवलं की वळणापाशी मी "किती आलं?" विचारलं तेव्हा त्यानं लगेच उत्तर दिलं नव्हतं. शेवटी मी त्याला म्हणालो, "पोरांना वर्गात दाखवायचं आहे," आणि होकायंत्र मागून घेतलं. त्यानं खिशातून काढून दिलं. काही विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी एकटा भुयारात शिरलो.

आत गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की खडूच्या फुल्या नव्हत्या. एकही नाही. कुणीतरी ओल्या फडक्यानं त्या नीट पुसल्या होत्या. दुसऱ्या कुणी येऊन पडताळा करू नये याची ही तजवीज, असंच मला वाटलं. मी वळणापाशी गेलो. एका हातात बत्ती होती, म्हणून होकायंत्र कडेच्या कातळाच्या कंगोऱ्यावर ठेवलं आणि काटा स्थिर होईपर्यंत थांबलो. तीन ठिकाणी असंच वाचन घेतलं. तिन्ही वेळा भुयार उत्तरेकडं निघालं. गायरानाकडं.

संध्याकाळी सोसायटीच्या ओट्यावर भगवानराव आणि पंच बसले होते. त्रिंबकही होता. मी माझे आकडे सर्वांसमोर वाचून दाखवले आणि त्यांवरून काढलेला नकाशा पुढं ठेवला.

"म्हंजी काय म्हननं हाय तुमचं, गुरुजी?" भगवानरावांनी विचारलं.

"त्रिंबकची दिशा चुकीची आहे. आणि मला नाही वाटत ती चुकून चुकली. फुल्यासुद्धा पुसून टाकल्यात."

त्रिंबक माझ्याकडं बघत राहिला. "होकायंत्र शाळेसाठी नेलतंस ना बे?"

मी माझ्या नकाशाची घडी घातली.

"दाजीला मी सांगितलं, खरं हाय," तो म्हणाला. "मोजनी झाली त्याच रात्री सांगितलं. सख्खा दाजी हाय, तुझ्या रानाखाली पानी लागतंय म्हनलं. लपवायचं कावून? पन आकडा मी फिरवला न्हाई. फुल्या मी पुसल्या न्हाईत." तो उठला. "पंधरा वर्सं फौजेत दिशा वाचली. कुनी मागनं जाऊन तपासली न्हाई."

तो गेल्यावर ओट्यावर कुजबुज सुरू झाली. कुणी त्रिंबकच्या बाजूनं, कुणी माझ्या. "गुरुजींना गायरान कावून पायजे, तेबी इचारा," असंही मागून कुणीतरी म्हणालं. दोन नकाशांच्या दोन जागा आणि विहीर एकच. भगवानरावांनी काम थांबवलं.

दोन दिवसांनी चंद्रभागाबाई शाळेच्या पायरीवर येऊन बसली.

"फुल्या मी पुसल्या," ती म्हणाली.

"तुम्ही? का?"

"चेअरमनचा पुतन्या इचारीत हुता, फुल्या कुठवर जात्यात म्हून. त्याच्याकडं इंजन हाय, लांब पाईप हाय. फुल्या धरून डोहावर गेला आसता आन् गावाच्या आधी त्यानंच उपसलं आसतं. म्हून म्या पुसल्या."

"मला सांगायचं तरी."

"कुनाला सांगू? तुमी समदे येकमेकाच्या तोंडाकडं बघत हुता." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "मला तुमचा कागद कळत न्हाई. पन हीर फोडताना शेजारच्या हिरीतला घाव कातळातनं ऐकू येतो. मी आत जाऊन डोहावरच्या छताला घण घालते. तुमी वर कान लावा. जिथं घाव ऐकू यील तिथं पानी."

हे मला कधी सुचलं नव्हतं. भगवानरावांना मात्र लगेच पटलं, कारण त्यात वही नव्हती आणि कुणाच्या शब्दावर विसंबायचंही नव्हतं. बुधवारी सकाळी दहाला चंद्रभागाबाई आणि मैनुद्दीन आत गेले. तीन घाव, मग दम, मग पुन्हा तीन घाव, असं अर्धा तास करायचं ठरलं होतं. गिरणी बंद ठेवली होती, शेळ्या दूर नेल्या होत्या. निम्मी वाडी गायरानात आणि निम्मी आप्पारावाच्या शेतात उघड्या कातळाला कान लावून आडवी पडली होती. कारखान्यावरून ऊस तोडून नुकतीच परतलेली माणसंही होती. त्रिंबक आला. माझ्या शेजारून पुढं गेला आणि शेताच्या बांधापलीकडं आडवा झाला.

मी माझ्या नकाशाच्या जागेवर, गायरानात, कान लावला. काहीच नाही. स्वतःच्या रक्ताचा आवाज तेवढा. मी दहा पावलं सरकलो, पुन्हा लावला. मग पूर्वेला सरकलो. बांधाजवळ आल्यावर मला वाटलं काहीतरी आहे. बांध ओलांडून वीस पावलं गेलो आणि कातळावर गाल टेकवला. ठक, ठक, ठक. मग शांतता. मग पुन्हा ठक, ठक, ठक. इतकं स्वच्छ, की बाई माझ्या कानाखालीच घण मारतेय असं वाटलं.

मी डोकं वर केलं. त्रिंबकची जागा तिथून जेमतेम पंधरा पावलांवर होती. माझी दीडशेच्या वर.

मैनुद्दीन बाहेर आला तो थेट माझ्याकडं. आत जाताना त्रिंबकचं होकायंत्र मी त्याच्याकडं दिलं होतं, वळण पुन्हा एकदा वाचून बघ म्हणून. तो म्हणाला, "गुरुजी, चला, वळनावर एक गंमत दावतो." आम्ही आत गेलो. त्यानं होकायंत्र मधोमध हातावर धरलं. काटा एका दिशेला थांबला. मग तसंच न फिरवता हळूहळू भिंतीकडं नेलं. कंगोऱ्याजवळ येता येता काटा सरकू लागला आणि सरकत सरकत कितीतरी अंश फिरला.

"दगडात लोखंड हाय," मैनुद्दीन म्हणाला. "मोटारीच्या चुंबकाजवळ नेल्यावानी करतोय. तुमी कुठं ठिवलं हुतं?"

मी कंगोऱ्याकडं बोट दाखवलं. काळ्या कातळात लोह असतं हे मी दरवर्षी सातवीच्या पोरांना शिकवतो. परीक्षेत विचारतो. त्या क्षणी मला त्या अंधारातून बाहेर येऊ नये असं वाटलं.

भगवानरावांचा तरीही विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची दोन माणसं आत पाठवून पुन्हा घाव घालायला लावले. आवाज तिथंच आला. मग सोसायटीची सभा भरली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की त्रिंबकची दिशा बरोबर होती, माझी चूक होती, आणि मी त्याच्यावर घेतलेला आळ खोटा होता. लोकांनी ऐकून घेतलं. पण मागच्या रांगेत एकजण शेजाऱ्याला म्हणालाच, "दोघं दोस्तच हायत की. आता मिळाले असतील." त्रिंबक सभेला आला नव्हता. तो त्या दिवशी आप्पारावाच्या दारात बसून होता, हे मला नंतर कळलं. आप्पाराव विहिरीपुरती जमीन सोसायटीला लिहून द्यायला तयार होईना. त्रिंबक सकाळी बसला तो जेवायलाही उठला नाही. शेवटी दिवस मावळायच्या आत बहिणीनंच नवऱ्याचा अंगठा कागदावर आणला.

अडतिसाव्या फुटाला पहार आत गेली आणि चंद्रभागाबाईच्या हातातून निसटून खाली पडली. पाण्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्या उन्हाळ्यात वाडीला टँकरची वाट पाहावी लागली नाही.

त्रिंबकच्या घरी जायला मला दोन आठवडे लागले. तो अंगणात बाज विणत होता. मी होकायंत्र बाजेवर ठेवलं.

"चुकलो," मी म्हणालो.

"चुकलास त्याचं काय न्हाई," तो सुंभ ओढत म्हणाला. "काटा माझाबी फिरला आसता. तू मला इचारलं असतंस तर दोघं मिळून गेलो असतो. इचारलं कावून न्हाई?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मला खात्री करायची नव्हती, मला तो खोटा ठरायला हवा होता. त्यानं ते ओळखलं असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. वहिनींनी चहा आणला. आम्ही तो प्यायलो.

दिवाळीनंतर सिरसाळ्याच्या बाजूला एका माळावर मैनुद्दीनला आणखी एक भोक दिसलं. मी निरोप पाठवला, पण त्रिंबक येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. येताना दोन वह्या घेऊन आला होता, एक माझ्या हातात दिली.

"आता प्रत्येक थांब्यावर आधी मी वाचनार, मग तू," तो म्हणाला. "दोघांनी आपापलं लिहायचं. एकमेकाचं बघायचं न्हाई. बाहेर आल्यावर जुळवायचं."

चंद्रभागाबाई आधीच आत सरकली होती. मैनुद्दीननं टेप ताणला. पहिल्या थांब्यावर त्रिंबकनं वाचलं, मग मी वाचलं, दोघांनी आपापल्या वहीत लिहिलं. बाहेर येऊन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा चौथ्या थांब्यावर दोन अंशांचा फरक निघाला. मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहत होता.

"चला," मैनुद्दीन बत्ती उचलत म्हणाला, "पुन्हा घ्या दोघंबी."

आम्ही पुन्हा आत गेलो.