होडीतला चोरकप्पा

सुताराची ख्याती चोरकप्प्यांसाठी होती. कपाटं, पलंग, टेबलं सगळेच करतात. पण हात आत घालूनही हाताला पत्ता लागणार नाही असा कप्पा फक्त तोच करायचा. त्याहून मोठी ख्याती अशी, की काम संपलं की कप्पा कुठे आहे हे तो विसरून जायचा. मुद्दाम. हा त्याच्या धंद्याचा धर्म होता. उद्या कुणी मला उलटं टांगलं तरी कानावरची पेन्सिल तेवढी पडेल, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि गिऱ्हाइकं खूश व्हायची. एका म्हाताऱ्या सराफाला स्वतःच्याच टेबलातला कप्पा सापडेना, म्हणून त्याने सुताराला बोलावून घेतलं. सुताराने टेबलावरून हात फिरवला, काम फार सुबक आहे म्हणाला, कुणाकडून करून घेतलंत असं विचारलं, आणि चहा पिऊन घरी आला.

अशा माणसाने होडी बांधायला घेतली, ती घराच्या पुढच्या खोलीत. पूर्वी तिथे दुकान होतं, त्यामुळे शटर चांगलं रुंद होतं आणि होडी बाहेर निघण्याची काळजी नव्हती. काळजी होती ती बायकोची. ती घरातून वाचनालय चालवायची. होडी आली तशी पुस्तकं खोलीतून निघाली ती जिन्यावर, जिन्यावरून न्हाणीघराच्या माळ्यावर. कादंबरी मागायला आलेल्या माणसाला आधी बादली धरावी लागे.

शेवटी नवराबायकोत तह झाला. होडी सरकारदरबारी पास झाली तर पाण्यात जाईल. नापास झाली तर तिची कपाटं होतील. बायको कामाला पक्की. तिने खडू घेऊन होडीवर मापंसुद्धा टाकली. डाव्या बाजूवर ‘कादंबऱ्या’, उजवीवर ‘चरित्रे’, आणि पुढच्या निमुळत्या टोकावर, तिथे फारसं काही मावणार नाही म्हणून, ‘कविता’.

विकतची होडी असती तर दुकानदाराच्या पावतीवर मालकीपत्र मिळालं असतं. घरी बांधलेल्या होडीला मात्र मागचंपुढचं कुणी नसतं. ती आपणच बांधली असं प्रतिज्ञापत्र सुताराने दिलं, लाकडाच्या पावत्या जोडल्या, सांगाड्यापासून रंगापर्यंतचे फोटो जोडले. प्रत्येक फोटोत मागे बायको पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उभी होती आणि फोटोगणिक तिचा चेहरा लांबत गेला होता. त्या भागातल्या नियमाप्रमाणे नुसत्या वल्ह्यांच्या होडीला हे काही लागत नव्हतं. पण इंजिनाचा आग्रह बायकोचाच होता. तुम्हाला धापा टाकताना बघायला मी तळ्यावर येणार नाही, म्हणाली होती. इंजिन आलं आणि मागोमाग नोंदणी आली.

कागद बघून नोंदणी कार्यालयाने होडीसाठी एक लांबलचक क्रमांक पाठवला. तो दोन ठिकाणी कोरायचा होता. एकदा मागच्या फळीवर, बाहेरून दिसेल असा. आणि एकदा आत, लपवून, म्हणजे चोराने बाहेरचा खरवडला तरी आतला शाबूत राहील. ‘लपवून’ हा शब्द वाचला आणि सुताराला भरून आलं. सरकारने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवडीचं काहीतरी मागितलं होतं. त्याने जीव ओतून कप्पा केला, आत क्रमांक कोरला, झाकण बसवलं, सांध्यावरून हात फिरवला. आणि नेहमीप्रमाणे विसरून गेला.

तपासणीच्या दुपारी मेहुणा होडी न्यायला ट्रॉली घेऊन आला. ट्रॉलीत त्याने विजेची करवतही आणली होती.

“माझं काही नाही, दाजी,” तो म्हणाला. “जे ठरेल ते.”

मग निरीक्षक आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फीत. गृहस्थ सज्जन होते, पण त्यांना बोट लागायची. पाण्यातली लागायचीच, पण खोलीत लाकडी घोड्यांवर टेकवून ठेवलेलीही लागायची. त्यांनी बाहेरूनच लांबी-रुंदी मोजली, इंजिनाचा क्रमांक ताडला, मागच्या फळीवरची अक्षरं एक एक करून वाचली. ‘चरित्रे’ हे होडीचं नाव का, असंही विचारलं. नाही, तो पुढचा जन्म आहे, असं मेहुण्याने सांगितलं. निरीक्षकांनी ते कुठेही लिहिलं नाही.

“आता आतला क्रमांक दाखवा,” ते म्हणाले.

सुतार ऐटीत होडीत चढला. ऐट साधारण मधल्या फळीपर्यंत टिकली. मग तो खाली वाकला, मग गुडघ्यांवर आला, मग नुसते तळवे दिसू लागले. होडीच्या पोटातून टकटक ऐकू येत राहिली. बऱ्याच वेळाने डोकं वर आलं.

“साहेब, आहे. पण कुठे आहे ते मी सांगू शकत नाही.”

“गुप्त ठेवायचं ते चोरापासून. मला सांगायला हरकत नाही.”

“मलाच माहीत नाही.”

निरीक्षकांनी नोकरीत पुष्कळ खोटं ऐकलं होतं, पण हे फार दुबळं होतं, त्या अर्थी खरं असावं, असं त्यांना वाटलं. दुसरीकडे नवीन कोरू का, असं सुताराने विचारलं. ते चालणार नव्हतं. उद्या जुना सापडला तर एका होडीत दोन लपवलेले क्रमांक, म्हणजे ती चोरीचीच धरली जाणार. आणि क्रमांक नाहीच दिसला तर होडी नापास. नापास होडीसाठी पुन्हा अर्ज करता येतो, असंही त्यांनी सांगितलं, पण तोपर्यंत मेहुण्याने करवतीची वायर सोडायला घेतली होती.

निरीक्षकांना नुसतं होडीकडे बघूनही मळमळू लागलं. त्यांनी पाठ फिरवली आणि जिन्याच्या पायरीवर बसून हाताला लागलेलं पुस्तक उघडलं. रहस्यकथा होती. पहिल्याच पानावर एका स्वयंपाक्याचा खून झाला होता.

“एवढं संपेपर्यंत थांबतो,” ते म्हणाले. “जाडीला कमीच आहे.”

सुताराने होडी ठोकून पाहिली, चाचपून पाहिली, फळ्यांना कान लावला. स्वतःच्या हातावर तो इतका कधीच चिडला नव्हता. एक रेघ नाही, एक फट नाही. एवढं चोख काम आपण का करतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यातही थोडा अभिमान होताच. तिकडे पानं उलटत होती. संशय स्वयंपाक्याच्या भावावरून बागेतल्या माळ्यावर गेला होता. सुताराने बायकोकडे बघितलं. ती ‘कादंबऱ्या’ या शब्दावर नजर लावून उभी होती. हातात कसलंसं पुस्तक, चेहरा फोटोतला.

निरीक्षक शेवटच्या प्रकरणाला लागले. मेहुण्याने करवतीचं पातं पुसलं.

तेव्हा बायकोने एक सुस्कारा सोडला, चपला काढल्या, साडीचा पदर खोचला आणि होडीत चढली. सराईतपणे. कुठे पाय ठेवायचा, कुठे हात धरायचा, काही बघावं लागलं नाही. पुढच्या आसनावर ती टेकली, पाय लांब केले, पाठ जरा मागे रेलली आणि खुणेच्या पानावर पुस्तक उघडलं.

टक्, असा बारीक आवाज झाला. तिच्या पाठीमागची फळी आपोआप सरकली.

आत क्रमांक होता. सुबक, ठसठशीत. त्याच्या खालच्या कोनाड्यात एक चष्मा, फुटाण्यांची पुडी आणि छोटी उशी.

आसनावर वजन पडलं की कप्पा उघडतो, हे सुताराला आत्ता आठवलं. आपण कसले कारागीर आहोत हेही आठवलं. पण तो बघत होता ते उशीकडे. चांगली वापरून दबलेली होती.

“रोज बसतेस?”

“तुम्ही लाकूड आणायला गेलात की,” ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. “घरात दुसरीकडे बसायला जागा कुठे ठेवलीय तुम्ही?”

“मग ही मापं?”

“ती रागात टाकली होती.”

मेहुण्याने करवत गुंडाळून ठेवली. निरीक्षकांनी डोळे अर्धे मिटून, होडीला हात न लावता दोन्ही क्रमांक ताडले आणि शेरा मारला. मालक कोण, या रकान्यात त्यांनी सुताराला न विचारताच दोघांची नावं घातली. मग म्हणाले, “वहिनी, माळीच ना?”

“शेवटचं पान वाचा,” ती म्हणाली.

त्यांनी पुस्तक घरी नेलं. अनामतही भरली.

मालकीपत्र आलं. त्यावरचा नोंदणीचा क्रमांक होडीच्या पुढच्या टोकावर, दोन्ही अंगांना, लांबून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत रंगवला गेला. त्यासाठी कविता पुसाव्या लागल्या. पहिल्या दिवशी तळ्यावर निरीक्षक स्वतः हजर होते, काठापासून बऱ्याच अंतरावर, झाडाला धरून.

“सगळं ठीक,” ते ओरडून म्हणाले. “फक्त तेवढी जीवरक्षक जाकिटं दाखवा. माणशी एक.”

“ती सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलीत,” सुतार म्हणाला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

बायकोने पुस्तकात खूण घातली, उठली, आणि एकेका आसनावर बसून बघायला लागली.