कोपऱ्यावरच्या खांबाचा हात

१९६५ सालच्या एप्रिलात पश्चिम इंग्लंडमधल्या नेदर कॉम्लीला वळसा घालून नवा रस्ता झाला आणि गावातला जुना रस्ता एका दिवसात मुख्य 'ए' वर्गातून दुय्यम 'बी' वर्गात गेला. विनिफ्रेड टॅपस्कॉटबाईंना त्या अक्षराचं काही वाटलं नाही. त्यांना सलत होती ती गावाकडे फुटणाऱ्या वळणावरची नवी हिरवीगार पाटी. तिच्यावर दोन मोठ्या शहरांची नावं होती, कॉम्लीचं नव्हतं. समुद्राकडे निघालेली कुटुंबं भुर्रकन पुढे जायची आणि बाईंच्या चहाघरातले स्कोन, म्हणजे चहासोबतचे गोडसर पाव, संध्याकाळी शेजारच्या कोंबड्या खायच्या. ऑगस्टपर्यंत असंच चाललं तर दुकान बंद करून लीड्सला बहिणीकडे राहायला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बहिणीशी त्यांचं पाच मिनिटंही पटत नसे.

रस्ते खात्याला तीन पत्रं गेल्यावर जूनमध्ये पेंगेली नावाचे प्रौढ अधिकारी आले. चार स्कोन खाऊन त्यांनी समजावलं, की हिरवी पाटी मुख्य मार्गाची, तिच्यावर यादीतलीच ठिकाणं. लहान गावाला पांढरी पाटी मिळते, पण नवी पाटी म्हणजे समिती, आणि समिती बसणार पुढच्या वर्षी. नाही म्हणताना भल्या माणसाचे कान लाल झाले.

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या ॲम्ब्रोज स्टोट लोहारानं विचारलं, "आणि जुनीच लावायची असेल तर, साहेब?"

"जुनी कुठली?"

"वळणावर बोडका खांब आहे ना, त्याचा गावाची दिशा दाखवणारा हात. चाळीस साली जर्मन उतरलेच तर त्यांना वाट सापडू नये म्हणून काढायला लावला होतात. माझ्याकडे आहे, कोळशामागे."

"मग लढाई संपल्यावर लावला का नाहीत?"

"काढा म्हणून पत्र आलं होतं. लावा म्हणून आलं नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "वीस वर्षं तू पत्राची वाट बघतोयस?"

"घाई कुणाला होती, विनी? आपल्याला रस्ता ठाऊक होता."

पेंगेली हसले नाहीत. त्यांनी ते पत्र मागवलं. स्टोटनं ते जपलं होतंच. खाली लिहिलं होतं, धोका टळताच खात्यानं हात पूर्ववत बसवावा. म्हणजे ही नवी पाटी नव्हेच, खात्याचं राहून गेलेलं काम होतं. त्याला समिती कशाला? त्यांनी खात्यातर्फे विलंबाबद्दल रीतसर माफी मागितली आणि पाचवा स्कोन उचलला.

शनिवारी अख्खं गाव शिडी धरायला वळणावर जमलं. पांढऱ्या हातावर काळी अक्षरं, 'नेदर कॉम्ली, पाऊण मैल'. शेवटचा स्क्रू पिळतात तोच छतावर तंबू बांधलेली एक गाडी आत वळली. बाईंनी स्टोटची सायकल ओढली आणि केटल चढवायला गाडीच्या मागोमाग सुसाट सुटल्या.

चहाघर पुढे एकोणीस वर्षं चाललं. लीड्सची बहीणच दर उन्हाळ्यात येई आणि भांडून परत जाई. स्टोटला 'लावा' असं पत्र सप्टेंबरात मिळालं. ते त्यानं काचेत बसवून भट्टीवर टांगलं, आणि ऐंशी वर्षांचा होऊन गेला. पेंगेली निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन कॉम्लीतच राहायला आले. नव्या जागी बायकोचा जीव रमेना, पण स्कोन तिलाही सुटले नाहीत.