तांबडीचं दूध

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार?" थोरली आईपुढे बादली ठेवत म्हणाली. तांबडी गाईची संध्याकाळची धार निम्म्यावर आली होती.

"आडात आहे गं. मधेच कुणीतरी पोहरा रिकामा करतंय," चुलीपाशी बसलेली धाकटी म्हणाली. "दुपारी आपण सगळे शेतात. वैरण टाकायला ताई एकटीच गोठ्यात. विचार की तिला."

सासर सोडून माहेरी आल्यापासून धाकटीला एकच दुखणं होतं. आई उठता-बसता थोरलीचं नाव घ्यायची.

आईनं काही विचारलंच नाही. "कुंपणानंच शेत खाल्लं तर बोलायचं कुणाला?" म्हणाली आणि तिनं गोठ्याची किल्ली मागून घेतली. थोरलीनं ती काढून दिली. तांबडीला तिनंच बाटलीनं पाजून वाढवलं होतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. पायाला मुंग्या येतात तसं आतून सगळं बधिर होऊन गेलं.

आता धार धाकटी काढायला लागली आणि थोरली खुरपणीला जायला लागली. दूध मात्र वाढेना. "दुसऱ्या हाताला पान्हा सोडत नाही. तशी सवयच लावून ठेवलीय," धाकटी म्हणायची आणि आई मान हलवायची.

एका दुपारी थोरली गवताचा भारा घेऊन आली, तर आई गोठ्याच्या दारात मटकन खाली बसलेली. आत तांबडी मान वळवून स्वतःच्याच सडाला तोंड लावून निवांत पीत होती.

"अगं, बघ हे!" आईनं धाकटीला हाक मारली.

धाकटी आली. तिला नवल वाटलं नाही. "माहिती आहे. मी मागंच बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझं परत ताई-ताई सुरू झालं असतं."

थोरलीनं भारा गव्हाणीत टाकला. तिला धाकटीचा रागसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं किल्ली पुढे केली. "चुकले गं बाई. गाईच्या मानेला फळ्या बांधल्यात, आता मान वळायची नाही. धार तूच काढ. झालं गेलं सोडून दे."

"काढते." थोरलीनं किल्लीला हात लावला नाही. घमेलं उपडं करून गाईसमोर ठेवलं. "तू इथं बस."

"मी? कशाला?"

"बघायला. रोज, दोन्ही वेळा. मी एकटी गोठ्यात येणार नाही."

"अगं, माझे गुडघे..."

"बस."

आई बसली. थोरलीनं कास धुतली आणि धार धरली. हात ओळखीचा होता; तांबडीनं भरभरून पान्हा सोडला. आई पदरानं डोळे पुसत होती. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं नाही. बादली भरली तशी थोरली उठली आणि बादली तिनं आईच्या तोंडासमोर धरली.

"नीट बघून घे," ती म्हणाली.