मध्ये काळी, कडेला उजळ

माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. काच बोलते म्हटल्यावर माणसं हसतात. आणि हीच माणसं सतरांदा काचेपुढं उभी राहून भांग सारखा करतात, तेव्हा मात्र काचेचं मत त्यांना लय मोलाचं वाटतं.

तर मी काच. हातभर लांब, पट्टीसारखी. तोंड बघायची नव्हे, किरण झेलायची. मला काही मोठी विद्या नाही, पण जे अंगावर आलं ते सांगते.

साताऱ्यात एका चष्मेवाल्यानं मला घासून सपाट केलं. तिथून एसटीनं सांगलीला आले, जुन्या लुगड्यात गुंडाळून चारुलताच्या मांडीवर. ही चारुलता वाईची. सत्तर सालानंतर सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागली. लग्न केलं नव्हतं, म्हणून गावाला तिच्या डोक्याची काळजी. "काचा घेऊन बसते वो!" म्हणायचे. भांडी घेऊन बसली असती तर शहाणी ठरली असती.

तिला जवळच्या एका कापडगिरणीत यंत्र बसवायचं होतं. यंत्रातून लेसरचा लाल किरण निघायचा, फिरत्या आरशावर आपटून माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचा आणि माझ्यावरून खाली सरकत्या कापडावर पडायचा. सूत तुटलं असलं की तिथला उजेड कमी व्हायचा आणि घंटा वाजायची. खोट एकच होती. कापडाच्या मध्यावर किरण दणकून पडायचा आणि कडेला तिरका, लांबून जाईतोवर मिणमिणायचा. कडेचं धडधाकट कापडसुद्धा यंत्राला फाटकं वाटायचं.

चारुलता म्हणाली, किरणाला सुधारता येत नसेल तर काचेलाच तसं घडवू. मध्ये मुलामा पातळ द्यायचा, म्हणजे तिथला थोडा उजेड माझ्यातून पार निघून जाईल. कडेला जाड द्यायचा, तिथला जवळजवळ सगळा परत फिरेल. पंगतीत दांडग्याच्या ताटात हात आखडून वाढलं की कोपऱ्यातल्याला पुरतं, तसंच हे.

बोलायला सोपं. मला काचेच्या घुमटात ठेवायचं, आतली हवा उपसायची, ॲल्युमिनियमची वाफ करून माझ्यावर बसवायची, आणि मध्ये कमी बसावी म्हणून पत्र्याचा आडोसा धरायचा. आडोशाचा आकार जरा चुकला की मुलामा वाया. पत्रा कापायचा, उजेड मोजायचा, मान हलवायची, पुन्हा पत्रा. माझ्या बहिणी त्यातच गेल्या. एकीच्या अंगावर पट्टे उठले, एक मध्ये उघडीच राहिली. शेवटी मी जमले. मध्ये काळपट, कडेला लखलखीत. कापडावर लाल रेघ पडली ती या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी. त्या दिवशी चारुलता एकटीच हसली. दुसरं कोण हसणार? बाकीच्यांना ती डागाळलेली काच दिसत होती.

आणि एक. तुमच्या आरशाचा मुलामा पाठीला असतो, वर काच राखणीला. माझा तोंडावरच. बोट लावायचं काम नाही. हे चारुलतानं गिरणीत बजावून सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणं म्हणजे न ऐकल्याची पावती.

गिरणीचे मॅनेजर नानासो. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, मिशांसकट. म्हणाले, "बाई, दसरा झाला की मुंबईचे साहेब बघायला येनार. चाललं तर ठिवू, न्हाईतर उचला तुमचा डबा."

"चालेल," चारुलता म्हणाली. आडोशाचे ते सगळे पत्रे, ती सगळी वर्षं त्या एका शब्दावर टांगली होती.

मग आली खंडेनवमी. अवजारं घासायची, पुजायची. नानासोंचा फौजेतला नेम, आपलं हत्यार आपल्या हातानं पुसायचं. झाडलोट करणारी रंगुबाई चिंच लावून पितळी समई घासत होती. नानासोंनी यंत्राचं झाकण काढलं.

"रंगुबाई, ही काच बघ. मधीच काळी पडलीया. सनासुदीला असली घान?"

"आवं नानासो, चारूताईनी हात लावू नगा म्हनलंय."

"त्या मास्तरनीला सनाचं काय कळतंय? आन ती चिंच हिकडं."

मी ओरडले, "अरे मुडद्या, ती घाण नाही, ती अक्कल आहे!" कोण ऐकतंय? आधी चिंच, वर राख, वर फौजी मनगट. मधला मुलामा गळून फडक्यात गेला. मग कुंकवाचं बोट लावलं. "आता कसं लख्ख!" लख्खच. पलीकडची भिंत दिसत होती.

साहेब आले. यंत्र सुरू झालं. माझ्या मध्यावरून किरण परत फिरेचना. यंत्राला प्रत्येक ठाण मधोमध फाटलेलं दिसायला लागलं आणि घंटा जी वाजली ती थांबेना. साहेब कानात बोटं घालून उभे.

मग गुन्हेगार शोधायला लागले. एक म्हणाला विजेचा दाब कमी, दुसरा म्हणाला कोयनेला धक्का बसला असंल, त्यानं काच हलली. शेवटी नानासोंना सोपा माणूस सापडला. "झाडनारीनंच पुसली असंल. रंगुबाई, उद्यापास्नं यिऊ नगंस."

रंगुबाईनं पदर खोचला. "व्हय? चिंच माझी, पर हात कुनाचा? कुंकू कुनी लावलं? फौजी हाय न्हवं, सांगा की तोंडावर!"

चारुलतानं वाकून माझ्यावरचं कुंकू पाहिलं. "नानासो, मी सांगितलं होतं."

नानासो मिशीत बोलले, "बरं, पुसली मी. काळी व्हती म्हनून पुसली. पर काळी केली कुनी?"

"मी केली. मुद्दाम केली. त्याशिवाय उजेड सारखा..."

"ऐकलं का साहेब? मुद्दाम!"

पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. डबा भंगारात गेला. रंगुबाईची नोकरी राहिली, नानासोंची मिशी राहिली.

भंगारातून रंगुबाईनं मला उचललं. आता तिच्या चुलीशेजारी खिळ्याला असते. कडांमध्ये तिचा एक एक गाल दिसतो, मध्ये भिंत. तरी ती बापडी रोज मला बघूनच कुंकू लावते. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की काही काळं दिसलं तर घासायच्या आधी ज्यानं केलं त्याला विचारा, आणि विचारलंत तर उत्तर संपेपर्यंत थांबा.

थांबणार नाही म्हणा कुणी. गिरणीत आजही विचारून बघा, ते लाल किरणाचं यंत्र कुणी बुडवलं. विचार न करता सगळे एकच नाव घेतात. चारुलता.